डावा ओढा

व्हर्ना टोलेफसननं एकवीस वर्षं डोंगरशाळेच्या रेशनखोलीत पिशव्या भरल्या. वायोमिंगमधल्या बेल फोर्क गावाच्या टोकाला, लोकरीच्या जुन्या गोदामात ही शाळा होती. दर उन्हाळ्यात शे-पाचशे माणसं तिथून विंड रिव्हरच्या डोंगरांत जायची, दोन-तीन आठवडे उघड्यावर राहायची, नकाशा वाचायला, नदी ओलांडायला आणि चार माणसांना धड घेऊन चालायला शिकायची. त्या सगळ्यांच्या पोटात जे जायचं ते व्हर्नाच्या हातचं. ओट्स, मॅकरोनी, दुधाची पावडर, चीजचे ठोकळे, तपकिरी साखर. पिशवी काट्यावर ठेवायच्या आधीच तिच्या हाताला वजन कळायचं. भरून झाली की पिशवीच्या तोंडाला ती अशी गाठ मारायची की ओझ्याचं खेचर उधळलं तरी दाणा सांडू नये.

ती स्वतः मात्र गाडीरस्ता संपतो तिथवरच जायची आणि ट्रकमधून सामान उतरवून परत यायची. नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा शाळेनं तिला एका तुकडीत फुकट जागा देऊ केली होती. तेव्हा धाकट्या मुलीचं लग्न होतं. पुढं गुडघा दुखायला लागला. मग कुणी विचारायचंच सोडलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटलं.

मागच्या शरदात एका विद्यार्थ्यानं जाताना शेऱ्यांच्या कागदावर लिहिलं, ‘शिक्षक उत्तम. डोंगर उत्तम. पण हे जेवण ज्यानं भरलं तो माणूस डोंगरात एक रात्रसुद्धा राहिलेला नसणार.’

ऑफिसातल्यांनी ते हसण्यावारी नेलं. व्हर्नाला लागलं. ती कुणाला काही बोलली नाही, पण जानेवारीत, सत्तावन्न पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसात जाऊन ऑगस्टच्या चौदा दिवसांच्या तुकडीत नाव घालून आली.

“अगं, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तुला आपली गाडी सापडत नाही,” नवरा लेलँड म्हणाला.

“म्हणून तर चाललेय.”

“आणि माझ्या जेवणाचं काय?”

“फ्रीजरमध्ये चौदा डबे ठेवलेत. प्रत्येकावर तारीख घातलीय. त्यातही हरवलास तर शेजारच्या ग्लॅडिसला विचार.”

डोंगरातल्या दुसऱ्याच सकाळी तिची खोड मोडली. तंबूवर पांढरं दहिवर गोठलं होतं. बोटं लाकडासारखी झाली होती आणि ओट्सच्या पिशवीची गाठ काही केल्या सुटेना. तिच्या शेजारी टोरंटोचा क्विन्सी दातानं प्रयत्न करत होता. हा क्विन्सी टॅक्सीवाल्यांना रस्ता दाखवणारं अॅप बनवायचा, आणि स्वतःला उत्तर कुठं ते कळत नाही असं आल्या आल्याच सांगून मोकळा झाला होता.

“ही गाठ कुणी मारली असेल?” तो तोंडातून प्लास्टिक काढत म्हणाला. “बंदरावर दोरखंडानं जहाजं बांधून ठेवणारा दिसतोय.”

“मी,” व्हर्ना म्हणाली. “चाकू दे इकडं.”

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता, चढावर, तिला अशी भूक लागली की पायाखालचं गवतसुद्धा चविष्ट दिसायला लागलं. संध्याकाळच्या मॅकरोनीला अजून चार तास होते आणि खिशातले शेंगदाणे सकाळीच संपले होते. त्या पोरानं लिहिलं होतं ते खरं होतं. रात्रीसाठी ढीगभर आणि दुपारसाठी चिमूटभर, असंच ती वर्षानुवर्षं भरत आली होती. हे कबूल करायला तिला सोळा किलोचं ओझं आणि तीन दिवसांची चढण लागली.

तुकडीची शिक्षिका मारिसोल किंताना अठ्ठावीस वर्षांची होती, अंगानं काटकुळी, आणि शिकवताना आवाज कधी चढवायची नाही. नकाशावरच्या उंचीच्या तपकिरी रेषा व्हर्नाला पहिले दोन दिवस नुसत्या किड्यांच्या वाटा वाटल्या. मारिसोलनं तिला मूठ वळायला सांगितली आणि पेननं बोटांच्या सांध्यांभोवती एकाबाहेर एक अशी कडी काढली.

“हा डोंगर. आता हात सपाट करा. जिथं कडी एकमेकांना चिकटली तिथं उभा चढ. जिथं लांब पांगली तिथं सपाटी. दोन सांध्यांच्या मधे खाली उतरते ती खिंड.”

व्हर्नानं तो हात दोन दिवस धुतला नाही. तिसऱ्या दिवशी नकाशा उघडला, तर कागदातून डोंगर वर यायला लागले होते. तिला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगायचीही लाज वाटली.

स्वयंपाकाला तिची जोडी बॉइड हॅस्केटबरोबर पडली होती. बॉइड ऑरेगनचा. अग्निशमन दलात तीस वर्षं काढून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेला, चौसष्ट वर्षांचा, खांद्यानं दरवाजा अडेल असा माणूस. सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे. तो दिवसभर काळा चष्मा घालायचा, ठाम बोलायचा, आणि तो बोलला की पुढं काही विचारायचं राहिलं नाही असं वाटायचं. मसाल्याची पिशवी उघडली की तो आधी नाकाशी न्यायचा. दालचिनी, जिरं, तिखट, एकेक हुंगून मग भांड्यात. या माणसाला स्वयंपाकाची जाण आहे, असं व्हर्नाच्या मनात आलं होतं.

रोज एकेकजण म्होरक्या व्हायचा. कुठं थांबायचं, कुठून जायचं, कोण मागं पडलं, सगळं त्या दिवशी त्यानं बघायचं. नवव्या दिवशी सकाळी मारिसोलनं तुकडीचे दोन गट केले. प्रत्येक गटानं वेगळ्या वाटेनं, शिक्षकांशिवाय, मिरिअम खिंड ओलांडून पलीकडच्या हॅचेट तळ्यावर पोचायचं होतं. व्हर्नाच्या गटात बॉइड, क्विन्सी आणि डेट्रॉइटची नर्स इमानी कोल्स.

“आणि म्होरकी व्हर्ना,” मारिसोल म्हणाली. “संध्याकाळपर्यंत पोचला नाहीत तर असाल तिथं मुक्काम करायचा. सकाळी शेवटच्या खात्रीच्या जागी परत यायचं. मी दहा वाजता तिथं असेन. तुमची खात्रीची जागा कोणती?”

व्हर्नानं नकाशावर बोट ठेवलं. “दोन ओढे मिळतात ती. तिथून उजवा ओढा धरायचा.”

“झालं तर मग,” मारिसोल म्हणाली.

दोन ओढ्यांच्या संगमावर ते दहाला पोचले. डावा ओढा पांढराशुभ्र फेसाळत, गर्जत खाली येत होता. उजवीकडं पाहावं तर विलोची गच्च झुडपं, चिखल, आणि त्यातून कुठूनतरी पाझरणारं गुडघाभर पाणी. ओढा म्हणायचीसुद्धा लाज वाटावी.

“उजवा,” व्हर्ना म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

“हे? ही तर दलदल आहे,” बॉइड म्हणाला. “खिंडीवरून येणारं पाणी म्हणजे बर्फाचं पाणी. ते मोठंच असणार. द्या बरं नकाशा.” त्यानं नकाशा हात लांब करून धरला, काळ्या चष्म्यातून क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. “बरोबर. डावा. मी तीस वर्षांपूर्वी याच डोंगरात हिंडलोय.”

इमानी आणि क्विन्सी व्हर्नाकडं बघत होते. ती काही बोलली असती तर ते तिच्या मागं आले असते, हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण बॉइडनं नकाशाची घडी घालून तिच्या हातात दिली होती आणि तो चालायलाही लागला होता.

“चला,” ती म्हणाली.

वाट लगेच उभी झाली. नकाशावर उजव्या ओढ्याच्या काठानं रेषा पहिले दोन मैल ऐसपैस पांगलेल्या होत्या. इथं तर अर्ध्या तासात तिला हात टेकून चढावं लागत होतं. तिला कळलं. कळलं आणि ती गप्प राहिली. पुढच्या वळणावर सपाटी येईल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पुढच्या वळणावर मोठमोठे धोंडे आले, घराएवढे, एकावर एक कलंडलेले, आणि त्यांवरून चौघं पाठीवरच्या ओझ्यासकट उड्या टाकत, बसत, सरपटत दोन तास गेले. इमानीचा पाय एकदा फटीत अडकला. निघाला, पण नडगी सोलपटली.

तीनच्या सुमाराला ते वर पोचले. समोर नाव नसलेलं एक चिमुकलं हिरवं तळं होतं आणि त्याच्या तिन्ही बाजूंना सरळ उभे कडे. खिंड नव्हतीच. कड्यांच्या वर ढग साचून जांभळे झाले होते.

“मला वाटतं, माझं अॅप असतं तर इथं ‘आपण पोचलात’ असं म्हणालं असतं,” क्विन्सी म्हणाला. 

व्हर्नानं सॅक उतरवली. “बसा. आधी खाऊन घ्या.” तिनं चीज कापलं, बिस्किटं वाटली. सगळ्यांच्या तोंडात घास आहे असं पाहून मग ती बोलली.

“आपण डाव्या ओढ्यानं आलो. ते चुकीचं होतं, आणि मला ते चढ लागल्यावर अर्ध्या तासातच कळलं होतं. मी बोलले नाही. इमानी, तुझी नडगी माझ्यामुळं सोलली.”

इमानी काही म्हणणार होती, पण बॉइडच आधी बोलला. त्याचे कान लाल झाले होते.

“कळलं होतं तर तोंड का नाही उघडलंत?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात की मला माझेच डोळे खोटे वाटले.”

“म्हणजे माझंच चुकलं.”

“दोघांचं. तुमचं आधी, माझं जास्त वेळ.”

बॉइड उठला. “ठीक आहे. डोंगराचा हा उजवा खांदा चढून गेलं की पलीकडं खिंडच असणार. वीस मिनिटं. मी बघून येतो.”

दूर कुठंतरी ढग गडगडला. कड्यांतून तो आवाज बराच वेळ फिरत राहिला.

“नाही,” व्हर्ना म्हणाली.

“बाई, मी तीस वर्षं माणसं आगीत नेली आणि बाहेर काढली.”

“काढली असतील. सकाळी मारिसोलनं नाव माझं घेतलं, तुमचं नाही. विजा व्हायला लागल्यावर कुणी कड्यावर जाणार नाही. आपण आत्ता खाली उतरायचं, त्या बुटक्या झाडांपर्यंत, आणि तिथंच मुक्काम.” शब्द धड येत होते याचं तिलाच नवल वाटलं. “शिवाय स्टोव्ह तुमच्या सॅकमध्ये आहे. तुम्ही वर गेलात तर आम्ही काय कोरडी मॅकरोनी चघळायची?”

“मी कोरडी मॅकरोनी चघळणार नाही,” क्विन्सी म्हणाला. “हे आत्ताच सांगून ठेवतो.”

इमानीनं आधीच सॅक पाठीवर घेतली होती. “मिस व्हर्ना, पुढं व्हा,” ती म्हणाली. “कॅप्टन, तुम्ही माझ्या पुढं चाला. मला तुम्ही दिसत राहायला हवे.”

बॉइड क्षणभर कड्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानंही सॅक उचलली.

ते झाडांत पोचले आणि गारा सुरू झाल्या. वीज पडली तर सगळ्यांना एकदम लागू नये म्हणून, शिकवल्याप्रमाणे चौघं वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून, झोपायच्या फोमच्या गादीची घडी करून तिच्यावर उकिडवे बसले. प्रत्येक गडगडाटानंतर व्हर्ना नाव घेऊन हाक मारायची. “इमानी.” “आहे.” “क्विन्सी.” “दुर्दैवानं आहे.” “कॅप्टन.” पहिल्या दोनदा त्यानं नुसता हुंकार दिला. तिसऱ्यांदा म्हणाला, “आहे, व्हर्ना.”

साडेपाचला ऊन पडलं. झाडांखाली गारांचे पांढरे ढीग पडले होते. क्विन्सी आणि इमानी जरा वरच्या अंगाला तंबू ठोकायला गेले आणि व्हर्नानं बॉइडबरोबर स्टोव्ह मांडला. पाणी उकळल्यावर तिनं मॅकरोनी टाकली. मग बॉइडनं मसाल्याच्या पिशव्या काढल्या आणि एकेक नाकाशी न्यायला लागला. गारठ्यानं त्याचं नाक गळत होतं. त्यानं एक पिशवी हुंगली, पुन्हा हुंगली, आणि मॅकरोनीत दालचिनी टाकणार तेवढ्यात व्हर्नानं त्याचं मनगट धरलं.

पिशवीवर नाव होतं. काळ्या शाईनं, तिच्याच अक्षरात, कुणालाही वाचता येईल असं.

“कॅप्टन, या पिशवीवर काय लिहिलंय?”

“तुम्हीच भरलीय. तुम्हाला माहीत.”

“मला माहीत आहे. तुम्ही वाचा.”

त्यानं पिशवी लांब धरली, मग जवळ आणली. मग खाली ठेवली. काळा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाचच पुसत बसला.

“मार्चपासून,” तो म्हणाला. “आधी अक्षरं गेली. आता उन्हात सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मोठी वस्तू दिसते. माणूस दिसतो. त्या तपकिरी रेषा मला एकदाही दिसलेल्या नाहीत.”

“एकदाही?”

“पहिल्या दिवसापासून मान हलवतोय.”

व्हर्नाला राग आला. चांगलाच आला. ते धोंडे तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि त्या फटीत गेलेला इमानीचा पाय. “आम्हाला घेऊन गेलात तुम्ही तिथं,” ती हळू आवाजात म्हणाली. “न बघता.”

“हो.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“नाही. माझ्या वडिलांचे डोळे साठीत गेले. काचबिंदू. शेवटची पंधरा वर्षं ते खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. मला वाटलं, दाखवलं की नक्की होईल. त्याआधी एकदा डोंगर बघून घ्यावा.” त्यानं चष्मा पुन्हा घातला. “तुम्हाला काय, नीट दिसत होतं. तरी गप्प बसलात. ते मला समजत नाही.”

व्हर्ना मॅकरोनी ढवळत राहिली. असा प्रश्न तिला कुणी केला नव्हता. “एकवीस वर्षं,” ती म्हणाली, “मला कुणीतरी यादी देतं आणि मी भरते. यादी चुकलीय हे कधीकधी मला दिसतं. मी भरतेच. घरीही तसंच. बोललं की मग बोललेलं आपल्या अंगावर येतं ना.”

बॉइड पहिल्यांदा हसला. “आज आलंच की अंगावर.”

“आलं. आणि मेले नाही मी.”

तिनं भांडं उतरवलं. “मी हे कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा. पण उद्या नकाशा माझ्या हातात राहील.”

“राहू दे,” तो म्हणाला. “तिखटाची पिशवी कुठली?”

सकाळी धोंडे अजून ओले होते आणि त्यांवर पातळ बर्फ धरलं होतं. आलेल्या वाटेनं उतरणं म्हणजे कुणाचातरी पाय मोडून घेणं होतं. व्हर्ना उजेड पडल्यापासून नकाशा मांडीवर पसरून बसली होती. बॉइड कॉफीचा मग घेऊन तिच्याशेजारी टेकला.

“सांगा काय दिसतंय,” तो म्हणाला.

“ओढ्याच्या या अंगाला रेषा एकमेकींना चिकटल्यात. ते धोंडे. पण डावीकडं, थोडं वर, एक पट्टा आहे. तिथं रेषा सुटतात. अशा लांब, तिरक्या जातात, खालपर्यंत.”

“हिरवं आहे की पांढरं?”

“हिरवं. झाडी.”

“पट्ट्याच्या खालच्या कडेला काय?”

“चिकटलेल्या. खूप. जवळजवळ एकच जाड रेघ.”

“म्हणजे कडा, आणि त्याच्यावर झाडीचा टप्पा,” बॉइड म्हणाला. तो डोळे मिटून बोलत होता. “चांगली जागा. जनावरंही तिथूनच जातात, पायवाट असणार. फक्त उताराच्या बाजूला ओढलं जायचं नाही. पाय आपोआप खाली जातात. दर दहा मिनिटांनी थांबून थोडं वर सरकायचं. आणि एखादा ओघळ आडवा आला तर त्याच्या वरून वळसा, खालून नाही.”

“ओघळ आहेत. दोन. रेषा आत वळतात तिथं.”

“बघा. तुम्हाला दिसतं, मला कळतं.”

क्विन्सी मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं इमानीकडं पाहिलं, इमानीनं भुवई उचलली.

पायवाट खरंच होती. हरणांची असावी, पाइनच्या सुयांसारख्या ओल्या पानांनी मऊ झालेली. व्हर्ना पुढं, मग क्विन्सी, मग बॉइड, शेवटी इमानी. पहिला ओघळ आला तेव्हा व्हर्नाला खालून जायचा मोह झाला. तिनं थांबून नकाशा पाहिला, मोठ्यानं म्हणाली, “वरून,” आणि वर चढली. दुसऱ्या ओघळात ती एकदा घसरून बसली आणि गुडघ्यानं जुनी आठवण करून दिली. “थांबू या का?” इमानीनं विचारलं. “दोन मिनिटं,” व्हर्ना म्हणाली आणि खरंच दोनच मिनिटं बसली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी खाली पाण्याचे दोन वेगवेगळे आवाज ऐकू आले, एक मोठा, एक बारीक.

मारिसोल आधीच येऊन संगमावरच्या खडकावर बसली होती. तिनं चौघांना नखशिखांत पाहून घेतलं, इमानीच्या नडगीची पट्टी तपासली आणि मगच थर्मासमधला चहा काढला.

“सांगा,” ती व्हर्नाला म्हणाली. “काय झालं?”

“मी इथं, याच जागी, म्होरकेपण सोडून दिलं,” व्हर्ना म्हणाली. “उजवा ओढा म्हणाले आणि डाव्यानं गेले. तीन वाजेपर्यंत परत हातात घेतलं नाही.”

“परत घेतलं कसं?”

“भीती वाटली म्हणून. विजांची कमी, आणखी कुणालातरी लागेल याची जास्त.”

मारिसोलनं मान डोलावली. व्हर्नाला वाटलं, ती आता आणखी काही खोदून विचारणार. पण बॉइडनं चहाचा मग खाली ठेवला.

“सगळं यांच्या नावावर मांडू नकोस,” तो मारिसोलला म्हणाला. त्यानं काळा चष्मा काढला. उन्हानं त्याचे डोळे लगेच पाण्यानं भरले. “मला नकाशा दिसत नाही. मार्चपासून. मी नुसतं सोंग करत होतो. यापुढं कुणीतरी मला वाचून दाखवावं लागेल. घरी पाठवायचं असेल तर पाठव.”

 मग इमानी उठली, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, अगदी वॉर्डातल्या पेशंटला करावं तसं.

“वर बघा. आता माझ्या कानाकडं. हं.” तिनं दुसराही डोळा पाहिला. “कॅप्टन, तुमच्या बुबुळात ढग आहे. मला इथून दिसतोय.”

“वडिलांना काचबिंदू होता.”

“काचबिंदू असा वरून दिसत नसतो. मी डॉक्टर नाही, आणि काचबिंदू नाहीच असं मी सांगू शकत नाही, ते तपासावं लागेल. पण हा ढग मला मोतीबिंदू वाटतोय. माझ्या आजीला होता. अर्ध्या तासात काढला आणि दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, पोरी, तुझ्या तोंडावर इतके डाग कधी आले?”

बॉइड तिच्याकडं बघत राहिला. “अर्धा तास?”

“एकेका डोळ्याला. पाच महिने तुम्ही सोंग करण्यात घालवलेत.”

“मला घाबरायला येत नाही नीट,” बॉइड म्हणाला. “कधी शिकलोच नाही.”

“ते दिसलं,” क्विन्सी म्हणाला. “मी शिकवेन. मला चांगलं येतं.”

मारिसोलनं बॉइडला बाजूला घेऊन बराच वेळ प्रश्न विचारले. पाऊल टाकताना जमीन दिसते का, उंचसखल कळतं का, डोकं दुखतं का, डोळा दुखतो का, हे सगळं. परत येऊन म्हणाली की कॅप्टन तुकडीबरोबर राहील, पण चालताना कायम मधे, आणि खाली गेल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टर. बॉइडनं तसा शब्द दिला.

“आता खिंडीला तुमच्याबरोबर मी मागून येते,” मारिसोल म्हणाली. “आज म्होरक्या कोण?”

क्विन्सीची पाळी होती. त्यानं व्हर्नाकडं पाहिलं.

“मीच,” व्हर्ना म्हणाली. “माझा कालचा दिवस अर्धाच झालाय. क्विन्सी, तुझा उद्या.”

“मला काही घाई नाही,” क्विन्सी म्हणाला.

ती विलोच्या झुडपांत शिरली. पाणी बर्फासारखं, चिखल पोटरीपर्यंत, आणि फांद्या तोंडावर फटाफट बसत होत्या. मैलभर ते तसेच वाकून, चाचपडत गेले, आणि मग एकदम झुडपं संपून गवताचं लांबच लांब मोकळं खोरं उघडलं. अगदी कागदावर होतं तसं, रेषा पांगलेल्या. व्हर्ना थांबली नाही. चालता चालता ती मागं सांगत राहिली, “इथून थोडा चढ. आता सपाट. उजवीकडं छोटा डोह. पुढं अर्ध्या मैलानं चढ, मग खिंड,” आणि मागून बॉइड दरवेळी म्हणायचा, “हं.” एकदा तो म्हणाला, “खिंडीखाली बर्फ असेल, सावलीच्या अंगाला. त्याच्या कडेनं घ्या, मधून नको.” बर्फ होतं. तिनं कडेनं घेतलं.

एक वाजता ते मिरिअम खिंडीत उभे राहिले. वारा असा होता की टोपी हातानं धरावी लागत होती. व्हर्नाच्या पायांत गोळे आले होते आणि तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. खाली पलीकडं दुसऱ्या गटाचे दोन तंबू ठिपक्यांएवढे दिसत होते, आणि त्यांच्या आजूबाजूला तळी.

बॉइड तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं चष्म्यावर हाताचा आडोसा धरला आणि बराच वेळ पाहिलं.

“निळं दिसतंय काहीतरी,” तो म्हणाला. “दोन ठिकाणी.”

“तीन आहेत,” व्हर्ना म्हणाली. “तिसरं लहान आहे. कड्याच्या आड.”

“कुठल्या बाजूला?”

तिनं त्याचा हात धरून त्या दिशेला केला. तो पुन्हा पाहत राहिला, मग त्यानं मान हलवली. पण या वेळी मान आडवी हलली.

“नाही दिसत,” तो म्हणाला. “ते पुढच्या वर्षी बघेन. तुम्ही येणार का?”

“लेलँडला विचारावं लागेल,” व्हर्ना म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, “नाही. सांगावं लागेल.”

तिनं मागं वळून चौघांना मोजलं, सॅकचे पट्टे घट्ट केले, आणि उतरायला सुरुवात केली.